लाइन गेली, पण आली कुठून?

आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते. पुण्याकडचा माणूस 'लाइट गेली' म्हणतो, पेपरात 'वीजपुरवठा खंडित' असं छापून येतं, आणि हिंगणघाटच्या आसपासच्या आमच्या गावांत दिवेलागणीला एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर हाक जाते, "लाइन गेली का वं तुमची?" पलीकडून उत्तर येतं, "हाव नं, आमचीबी गेली." मग दोघी निवांत. आपल्या एकटीची नाही, गावाचीच गेली आहे. येईल तेव्हा येईल.

हा शब्द मी जन्मापासून ऐकतो, बोलतो. त्याच्याकडे नीट पाहिलं ते गेल्या रब्बीत, चुलतभावासोबत एक दिवस शेतावर काढला तेव्हा. सकाळी भेटल्या भेटल्या तो म्हणाला, रात्री बाराला लाइन आली, हरभऱ्याला पाणी देता देता चारला गेली. थोड्या वेळानं कळलं की ठिबकची मेन लाइन रानडुकरांनी फोडून ठेवली आहे. ती जोडता जोडता त्यानं पोराचं गाऱ्हाणं सांगितलं: सायन्स लाइन सोडून आयटीआयच्या लाइनला जातो म्हणतो, आणि बसस्टँडवर लाइन मारत फिरतो ते वेगळंच. वहिनी सकाळपासून रेशनच्या लाइनीत होती. दूर बल्लारशा लाइनवर एक मालगाडी कधीची उभी होती, तिला लाइन क्लिअर मिळत नसावा. संध्याकाळी लाइनमन आला, डीपीपाशी खुडबुड केली, आणि जाताना भावाला सांगून गेला, "त्या पोराले जरा लाइनीवर आना नं भाऊ."

एका दिवसात एकाच शब्दानं वीज झाली, पाण्याचा पाइप झाला, शिक्षणाची शाखा झाली, पोरींच्या मागं फिरणं झालं, रांग झाली, रेल्वेचे रूळ झाले, पुढं जाण्याची परवानगी झाली आणि शेवटी चांगली वागणूकही झाली. भाऊ एकदाही अडखळला नाही, ऐकणारेही नाहीत. इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द इतका मुरलेला कसा, हे डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि शब्दकोश काढले. त्यांतून जे हाती लागलं ते आमच्या मोठ्या मायच्या चटणीच्या बरणीपर्यंत येऊन पोचेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट फार जुनी. रोमन लोकांची लॅटिन भाषा आणि उत्तरेकडच्या जर्मन घराण्यातल्या भाषा यांच्यात व्यापारामुळं देवाणघेवाण होती, तिच्यातून जुन्या इंग्रजीत 'लीने' असा शब्द होता, अर्थ दोरी. दुसरी वाट १०६६ नंतरची. त्या वर्षी नॉर्मंडीच्या सरदारानं इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि फ्रेंचमधला 'लिन्य' तिच्यासोबत आला, अर्थ रेघ, ओळ. दोन्ही शब्द मुळात सख्खे भाऊ, लहानपणी हरवलेले. इंग्लंडात भेटले आणि एकच होऊन गेले. दोघांची आई लॅटिनमधली 'लिनेआ', म्हणजे धागा. साधासुधा कुठलाही धागा नव्हे. 'लिनुम' नावाच्या झाडाच्या खोडातून काढलेला धागा, तो लिनेआ.

आणि लिनुम म्हणजे आपला जवस.

ज्यांनी जवस फक्त चटणीत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुडघाभर, फार तर मांडीएवढं झाड. पानं बारीक, सुईसारखी. थंडीत फुलतं, आणि तो निळा रंग काळ्या मातीवर दुसऱ्या कुठल्याच पिकाचा दिसत नाही. पण तो पाहायचा तर सकाळीच जावं लागतं, कारण पाच पाकळ्यांचं ते फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून खाली पडतात. दुपारी गेलेल्या माणसाला वाटावं, इथं काही फुललंच नव्हतं. मागं राहतं ते वाटाण्याएवढं बोंड, त्यात जास्तीत जास्त दहा दाणे. दाणा चपटा, तपकिरी, चकचकीत. मूठभर घेऊन पाहा, बोटांच्या फटींतून मासोळीसारखा निसटतो. पाण्यात टाकला की मात्र त्याच दाण्याला बुळबुळीत चिकट साय येते.

आपण जवस लावतो तो दाण्यासाठी. म्हणून आपल्याकडचे वाण बुटके आणि फांद्याळ, फांद्या जास्त तर बोंडं जास्त. युरोपात धाग्यासाठी लावतात तो जवस जातीनं हाच, पण वळण वेगळं. तो दाट पेरतात, म्हणजे प्रत्येक झाड उजेडासाठी वर पळतं, फांदी फुटत नाही, आणि जवळजवळ मीटरभर उंच सरळसोट काडी मिळते. ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात, बोटभर लांबीसुद्धा वाया जाऊ नये म्हणून. मग कुजवतात, दवात पसरून किंवा पाण्यात बुडवून. आपल्याकडं अंबाडीच्या पेंढ्या नाल्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवत आणि कुजल्यावर वाख सोलून काढत, ज्यांनी ते पाहिलं असेल (आणि त्याचा वास घेतला असेल) त्यांना पुढं सांगायची गरज नाही. कुजल्यावर काडी ठेचायची, झोडपायची, फणीनं विंचरायची, की हातात येतात लांब, फिक्या सोनेरी रंगाचे तंतू. जॉर्जिया देशातल्या एका गुहेत असे पिळलेले, काही तर रंगवलेले जवसाचे तंतू सापडले आहेत, ३०,००० वर्षांहून जुने. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणूस रानातल्या जवसाची दोरी वळत होता. पुढं इजिप्तवाल्यांनी आपली प्रेतं गुंडाळली तीही याच कापडात.

आता या धाग्याचा एक गुण लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जवसाचा धागा ताणला तर फारसा लांबत नाही. कापसाचा त्याहून जास्त लांबतो, लोकरीचा तर विचारूच नका. शिवाय भिजला की जवसाचा धागा कमजोर होत नाही, उलट अधिक चिवट होतो. म्हणून रोमन गवंड्याला भिंत उभी करताना दोन टोकांना बांधायला जी दोरी हवी होती, ती लिनेआ. सुताराला लाकडावर खूण करायला, कोळ्याला गळ टाकायला, सगळ्यांना लिनेआ. ताणली की सरळ, सोडली की गुंडी.

इथंच शब्दानं पहिली उडी मारली. ताणलेल्या धाग्याचा आकार काय? सरळ. मग त्या आकाराचं जे जे काही, ते सगळं लिनेआ. जमिनीवर ओढलेली रेघ, शेताची हद्द, कागदावर एकापुढं एक लिहिलेली अक्षरं, एकामागं एक उभे शिपाई. धागा नसला तरी चालेल, धाग्यासारखं असलं की पुरे. मग दुसरी उडी: रेघेवरून चालायचं म्हणजे मार्ग, म्हणून जहाजांची लाइन, बसची लाइन, आणि माणसानं आयुष्यात धरलेला मार्ग म्हणजे धंद्याची, शिक्षणाची लाइन. भावाच्या पोराची आयटीआयची लाइन इथून आली. तिसरी उडी: गवंड्याची दोरी नुसती सरळ नसते, ती भिंतीला सरळ ठेवते. विटेनं दोरी सोडली की चूक विटेची. म्हणजे लाइन झाली नियम. लाइनमन ज्या लाइनीवर पोराला आणायला सांगत होता ती ही.

गंमत अशी की एवढ्या उड्या मारून शब्द फिरून पुन्हा धाग्यावर आला. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र निघालं. आपल्या देशात पहिली प्रायोगिक तार १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. खांबामागं खांब आणि त्यांच्यावर ताणलेला धातूचा धागा, याला लाइन नाही म्हणायचं तर काय? तारेची लाइन, मग टेलिफोनची लाइन, मग विजेची लाइन. रोमन गवंड्याला आमच्या शेतातले खांब दाखवले असते, तर वीज म्हणजे काय ते त्याला कळलं नसतं, पण वर ताणलेल्या त्या वस्तूला तो एका क्षणात लिनेआ म्हणाला असता.

मग जाते ते काय? तार तर जागेवरच असते. जातं ते तारेतलं. पण डोळ्याला दिसते ती तार, म्हणून आतल्याचं नाव बाहेरच्याला आणि बाहेरच्याचं आतल्याला. 'चूल पेटली' म्हणताना तरी चूल कुठं पेटते? पेटतं ते सरपण. भाषेची ही जुनीच खोड आहे. आणि आमच्या भागात ती नजरेत भरणारच, कारण लाइनी आमच्या डोक्यावरूनच जातात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या आवारापासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची एक लाइन ७५२ किलोमीटर धावते, एवढं अंतर काटून १५०० मेगावॉटपर्यंत वीज नेते. तिच्या उंच मनोऱ्यांखालच्या शेतात उभा राहून एखादा माणूस 'लाइन कवा येते' म्हणून फोन करत असतो, हे दृश्य काही दुर्मिळ नाही. त्यावर मी इथं अधिक बोलत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जवसाच्या घरात जन्मलेली आणखी पोरंही आपल्या ओळखीची आहेत. लिनन हे तर उघडच, उन्हाळ्यात महागडे शर्ट ज्याचे असतात ते कापड. पण ब्लाउजचं लायनिंग? पूर्वी जाड कपड्यांना आतून लिननचा थर लावत, म्हणून आतून थर लावणं म्हणजे लाइन करणं, आणि तो थर म्हणजे लायनिंग, आपलं अस्तर. आता अस्तर बहुधा कापसाचं नाहीतर पॉलिस्टरचं असतं, नाव मात्र जवसाचं. जवसाला इंग्रजीत लिनसीड म्हणतात तो शब्द सरळसरळ 'लाइनीचं बी' असा आहे. दाण्यातलं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून ते रंगात, फटी बुजवायच्या लांबीत, लाकडाच्या पॉलिशमध्ये पडतं. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं याच सुकणाऱ्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवलं: लिनुम अधिक तेल. डॉक्टर ज्याच्यासाठी जवस खा म्हणतात त्या ओमेगा-३ मधल्या आम्लाचं नाव लिनोलेनिक. आणि क्रिकेटची बॅट विलोची असेल तर तिला जवसाचंच कच्चं तेल पाजतात. म्हणजे बोलरची लाइन-लेंथ कितीही चांगली असो, समोरची बॅटसुद्धा त्याच झाडाचं पिऊन उभी असते.

हे सगळं एक वेळ मान्य, पण मला खरा धक्का बसला तो जिनिंगमध्ये. आमचा मुलूख कापसाचा. सरकी वेगळी काढून जी रुई उरते तिला बाजारात लिंट म्हणतात, लिंटचा उतारा किती, लिंटचा भाव काय. हा लिंट म्हणजे मुळात जवसाचा विंचरलेला तंतू. युरोपात आधी जवस होता, कापूस मागून आला, तेव्हा जवसाच्या शब्दांनीच कापसाचं बारसं झालं. पांढऱ्या सोन्याच्या गावात पांढऱ्या सोन्याला निळ्या फुलाचं नाव. (जिनिंगमधला 'जिन' हाही इंजिनाचा तुटका तुकडा आहे. एली व्हिटनी या अमेरिकनानं सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट १७९४ मध्ये घेतलं, त्या 'कॉटन इंजिन'चं शेपूट तेवढं आपल्याकडं आलं.)

एक ताकीद देऊन ठेवतो. असं शोधायला लागलं की माणसाला सगळीकडं जवसच दिसू लागतो. बँकेत 'लिंक फेल आहे' म्हणतात तो लिंक या घरचा नाही, तो साखळीच्या कडीचा शब्द. जवसाला १७५३ साली 'लिनुम उसिटाटिसिमुम', म्हणजे अत्यंत उपयोगी लिनुम, असं शास्त्रीय नाव छापलं ते कार्ल लिनियसनं. मला वाटलं, वा, नाव देणाराही लिनुमचाच! तर नाही. त्याच्या घराण्यानं आडनाव घेतलं ते लिंडेन नावाच्या मोठ्या झाडावरून, जवसाशी त्याचा संबंध नाही. सुतावरून स्वर्ग गाठताना सूत अधूनमधून तुटतं ते असं.

लाइनीचे काही अर्थ लढाईच्या मैदानातून आले. लष्कराच्या छावणीत तंबू ओळीनं लावत, म्हणून त्या ओळींना लाइन्स म्हणू लागले, तंबूंच्या जागी पक्क्या चाळी आल्या तरी नाव तेच. आपल्या पोलीस लाइन त्यातूनच. लष्कर नसलेल्या, मुलकी अंमलदारांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपूरला आहे, अकोल्याला आहे, चंद्रपूरला आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आज झाडी आहे, बंगले आहेत, तंबूची एकही ओळ नाही.

डेडलाइन हा शब्द तर त्याहून कठोर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा उघडा तुरुंग होता. उंच लाकडी भिंतीच्या आत काही अंतरावर एक हलकं कुंपण घातलेलं होतं. कैद्यानं ते ओलांडलं, की मनोऱ्यावरचा पहारेकरी गोळी घालणार. त्या कुंपणाचं नाव डेडलाइन. त्या तुरुंगात सुमारे १३,००० कैदी मेले, बहुतेक भुकेनं आणि रोगानं, आणि युद्ध संपल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला, हेन्री वर्झला, १८६५ च्या नोव्हेंबरात फाशी दिली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला डेडलाइन म्हणू लागले, आणि तिथून तो शब्द पीक विम्याच्या अर्जापर्यंत आला. मागं एकदा अशाच शेवटच्या दिवशी मी एका केंद्रावर चार तास लाइनीत होतो. नंबर आला आणि लाइन गेली. ऑनलाइन, लाइन, लाइन, डेडलाइन, चारही एकाच उंबऱ्यावर भेटल्या. तारीख नंतर वाढली म्हणून निभावलं.

देशांच्या हद्दीही याच शब्दानं आखल्या: १८९३ ची ड्युरँड, १९१४ ची मॅकमहॉन, १९४७ ची रॅडक्लिफ. नकाशावर पेन्सिलीनं ओढायला किती वेळ लागला असेल, आणि खाली किती घरं होती, ते आपल्याला ठाऊकच आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इंग्रजीचे शेकडो शब्द आपल्याकडं आले. काही साहेबाच्या टेबलावरच राहिले, काही अर्धवट बोलले जातात. लाइन मात्र वावरात, चुलीपाशी, पोरांच्या चेष्टेत जाऊन बसली. लांबी कमी, उच्चार सोपा, हे तर आहेच. पण मला वाटतं तिची जागा आपल्याकडं आधीच तयार होती, आणि ती तयार करून ठेवली होती सुतानं.

गेल्या महिन्यात आमच्या गोठ्याची भिंत बांधायला मिस्त्री आला होता. त्यानं आधी दोन कोपऱ्यांवर चार-चार विटा बसवल्या, ओळंबा सोडून पाहिला, मग पिशवीतून एक पिवळी गुंडी काढली आणि दोन्ही कोपऱ्यांत खिळे मारून ताणून बांधली. बोटानं टिचकी मारली, दोरी टणकन वाजली. मी विचारलं, याला काय म्हणता? म्हणाला, "लाइनदोरी." म्हणजे बघा, लाइन म्हणजे मुळात दोरीच, तिला पुन्हा एकदा दोरी जोडली. रोमन गवंडी ऐकता तर हसला असता. मग सळईचा हिशेब निघाला, तर मिस्त्री म्हणाला, कॉलमला चार सुती, रिंगला दोन सुती. एका इंचाचे आठ सूत. घरी येऊन पाहिलं तर जुन्या इंग्रजी मापातही इंचाचे बारा भाग करत आणि त्या भागाचं नाव होतं लाइन. शर्टाच्या बटणांचा धंदा करणारे अजून याच नावाचं माप वापरतात, फक्त तिथं एका इंचात चाळीस लाइनी. त्यांच्या मापाला नाव धाग्याचं, आपल्याही मापाला धाग्याचंच.

आणि मग एकेक आठवत गेलं. लॅटिनमध्ये लिनेआ ही कारागिराची दोरी, तर आपल्याकडं सूत्र धरणारा तो सूत्रधार, आणि त्याचंच बोलीत झिजून झालं सुतार. सरळ रेघेसाठी त्यांचा धागा, तर आपल्याकडं माणूस वठणीवर आला की 'सुतासारखा सरळ झाला'. त्यांच्याकडं दोरीचा नियम झाला, आपल्याकडं सूत्र म्हणजे धागा, सूत्र म्हणजे नियम, गणितातही आणि व्याकरणातही. बसस्टँडवर लाइन मारणाऱ्या पोराचं उद्या जमलं, तर म्हातारी माणसं लाइनचा ल न काढता म्हणतील, 'सूत जुळलं'. आणि पुढं लग्न झालंच तर तेही मंगळसूत्रानं. दोन भाषा, हजारो कोसांचं अंतर, त्यांच्या हाती जवस आणि आपल्या हाती कापूस, पण धागा ताणल्यावर जे सुचायचं ते दोघांनाही सारखंच सुचलं. म्हणून लाइन आली तेव्हा आपल्याला काही नवं शिकावं लागलं नाही. सूत ज्या ज्या खुर्चीवर बसत होतं, तिथं तिथं ती शेजारी येऊन बसली.

सगळं मात्र जुळत नाही, आणि न जुळणारंही सांगायला हवं. आपली रेघ धाग्याची नाही. रेखा आणि लेख हे एकाच घरचे, खरवडणं, ओरखडा काढणं यातून आलेले. काडीनं धुळीत ओढली ती रेघ, दोरीनं आखली ती लाइन. इंग्रजीत दोन्हींना लाइन, म्हणून 'दारिद्र्यरेषा' करताना आपण तिकडच्या दोरीचा इकडं ओरखडा केला. घराण्यासाठी इंग्रजीत लाइनच चालते, बापापासून लेकापर्यंत अखंड धागा. आपण तिथं धागा घेतलाच नाही, बांबू घेतला. वंश म्हणजे संस्कृतात बांबू. पेरामागून पेर, एकातून दुसरं. गडचिरोलीच्या रानात बांबूचं बेट पाहिलेल्या माणसाला यातलं बरोबर कोणतं, हे विचारायची गरज पडणार नाही. शेतातल्या पेरणीच्या ओळीला आम्ही अजून तासच म्हणतो, तिथं लाइनीला फारसं कोणी विचारलेलं नाही.

आणि आपल्याकडं जवस काही परका नव्हता. संस्कृतात त्याला अतसी म्हणत, त्यातून अळशी. त्याच्या कापडाला क्षौम म्हणत, उंची वस्त्रांत ते मोजलं जाई. जवसाचं आणखी एक संस्कृत नाव उमा. पुढं कापसानं एवढं व्यापलं की जवसाचा धागा आपण विसरलो आणि दाणा तेवढा ठेवला. आमच्या लहानपणी हरभऱ्याच्या कडेनं जवसाची पट्टी असायचीच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूरच्या महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर काम चालतं, पण आमच्या शिवारात आता सोयाबीन, कापूस आणि तूर यांतून धुऱ्यालाही जागा उरत नाही.

हे सगळं मी मोठ्या मायला सांगितलं ते एका संध्याकाळी, लाइन गेलेली असताना. ती चुलीपुढं बसून तव्यावर जवस भाजत होती. जवस भाजला जातो तेव्हा आधी काहीच होत नाही, मग एकदम तडतडायला लागतो, आणि एखादा दाणा उडून राखेत पडतो. तेवढ्यात तवा उतरवायचा, नाहीतर कडू. मग उखळात लाल मिरची, लसूण, मीठ. मी सांगत होतो की लाइन हा शब्द या दाण्याच्या झाडापासून निघाला, साहेबाच्याही आधीच्या लोकांनी काढला, त्याच्या काडीचा दोरा करत. तिनं मुसळ थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, चटणीचं बोट जिभेला लावून पाहिलं, मीठ कमी होतं ते घातलं, आणि म्हणाली, "मंग पेर नं यंदा चार तासं धुऱ्याकडून. इकत आनतो आता, पावशेरले किती घेते तो दुकानदार मालूम हाय का तुले?"